दोष टाकसाळीचा की बाजारातला?

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी नाण्यांचे ढीग मांडून बसलेल्या विक्रेत्यांपाशी थोडा वेळ रेंगाळले की एक वाक्य हमखास कानावर पडते: "साहेब, एरर पीस आहे, परत मिळायचा नाही." पुढे केलेले नाणे बहुधा ठोकलेले असते, कानशीने घासलेले असते, नाहीतर ॲसिडात बुडवून रोडावलेले. विक्रेता खोटे बोलत असतो असेही नाही. त्यालाही कुणीतरी तेच सांगून ते विकलेले असते.

विचित्र दिसणे आणि टाकसाळीतून सदोष निघणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या करायच्या तर नाणे कसे पडते ते डोळ्यांसमोर हवे. धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात आणि खोबणीतून दाबत फिरवून त्यांची कड उचलतात. मग प्रेसमध्ये खाली एक डाय, वर एक डाय आणि भोवती पोलादी कॉलर. एका फटक्यात दोन्ही बाजूंचे ठसे उमटतात, कडेचे दातेही त्यातच. दोष या ओळीत नेमका कुठे शिरला हे सांगता आले, तरच तो टाकसाळीचा.

हत्यारे फारशी लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग मोजणारा काटा, व्हर्निअर कॅलिपर, लोहचुंबक आणि बाजूने तिरपा पडणारा उजेड. उजेड डोक्यावरून घेतला तर काही दिसत नाही. तिरप्या उजेडात पहिला प्रश्न विचारायचा: ही रेघ वर आलेली आहे की खोल गेलेली? डाय तडकला की धातू त्या चिरेत शिरतो आणि नाण्यावर उंचवटा येतो. खोल गेलेली रेघ मात्र बहुतेक वेळा नंतर पडलेला ओरखडाच असते. निम्मे ढीग या एका प्रश्नात निकालात निघतात.

कड कापलेले नाणे हा माझा आवडता प्रकार, कारण त्यात फसवणूक करणे अवघड. लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर जरा चढली की पुरी चंद्रकोरीने कमी येते. चकत्या कापतानाही तेच होते. पण भिंग कापलेल्या जागी न लावता आधी तिच्या बरोबर समोरच्या कडेला लावावे. कड उचलताना एका बाजूला धातूच नसल्यामुळे समोरच्या बाजूला पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून तिथली कड पुसट, बसकी राहते. मग कापलेल्या जागेजवळची अक्षरे पाहावीत. फटका बसताना धातू त्या मोकळ्या जागेकडे वाहतो, त्यामुळे अक्षरे तिकडे ओढली जातात, पसरट होतात, विरतात. कानशीने कापलेल्या नाण्यावर अक्षर धारदारपणे मधेच तुटते आणि समोरची कड ठणठणीत असते. कानस चालवणाऱ्याला सहसा समोरची कड आठवत नाही.

ब्रॉकेजमध्ये आधीचे नाणे डायला चिकटून राहते आणि पुढची चकती त्याच्यावर ठोकली जाते. एका बाजूला नेहमीचा ठसा, दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचा उलटा आणि खोल गेलेला. सिंहमुद्रा आत दबलेली आणि 'सत्यमेव जयते' आरशातले. हे घरी करायचे म्हणजे दोन नाणी वाईसमध्ये घालून आवळायची. दिसायला तसेच दिसते, पण मूळ ठसा पुरता पुसला जात नाही, त्याची भुते खालून डोकावतात आणि मागची बाजू चेपलेली मिळते. खऱ्या ब्रॉकेजची मागची बाजू सहसा ठसठशीत असते.

दहा रुपयांच्या द्विधातू नाण्यावर सध्या जास्त हात चालतो. मधली चकती ठोकून काढायची, फिरवून किंवा पालथी बसवायची. २७ मिलिमीटर, ७.७१ ग्रॅम हे माप तसेच राहते, म्हणून काटा इथे कामाचा नाही. सांधा पाहावा. कडी आणि चकती टाकसाळीत एकाच फटक्यात छापली जातात, त्यामुळे दोहोंवरून जाणाऱ्या रेघा सांध्यावर जुळतात. फिरवलेल्या नाण्यात त्या तुटतात. 'शोले'तल्या जयच्या नाण्यासारखी दोन छाप्यांची नाणीही विकायला येतात. ती लेथवर दोन नाणी कोरून एकात एक बसवलेली असतात. कडेच्या आतल्या बाजूला बारीक सांधा सापडतो आणि फरशीवर टाकली तर बद्द वाजतात.

काट्याचा खरा उपयोग चुकीच्या चकतीवर छापलेल्या नाण्याला. २००४ पर्यंतचा अकरा कोनांचा दोन रुपया कुप्रो-निकेलचा, सुमारे ६ ग्रॅमचा. तो चुंबकाला चिकटता कामा नये. त्याच काळातला पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा, तो चिकटलाच पाहिजे.

आता जे दोष नाहीतच त्यांच्याविषयी. सालाखाली खूण नाही म्हणून नाणे दुर्मीळ होत नाही. मुंबईची खूण हिरा, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका, आणि कोलकाता खूणच करत नाही. दहाच्या नाण्यावर कुठे पंधरा रेषा, कुठे दहा, यावरून तर दुकानदारांनी नाणी नाकारली. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की तोवर काढलेले चौदाही नमुने चलनात वैध आहेत. शिवराईवर 'श्री राजा शिव' अर्धवट आले म्हणून कुणी दर वाढवत असेल तर हसून पुढे व्हावे. हातोड्याने ठोकून पाडलेल्या त्या नाण्यांत सरकलेला ठसा आणि वेडीवाकडी चकती हीच रीत होती.

अक्षरे दुहेरी दिसली तरी हुरळू नये. दुसरी सावली सपाट, पायरीसारखी असेल तर फटक्यानंतर डाय नुसता घसरलेला असतो. त्याला संग्राहक मोल देत नाहीत. वरची आणि खालची कड चिमटीत धरून नाणे गर्रकन फिरवले आणि मागचा ठसा किंचित तिरका आला, तर डाय फिरलेला आहे. हा दोष खरा, पण थोडा तिरकेपणा इतका सर्रास सापडतो की त्यासाठी जादा पैसे मोजणे मला पटत नाही.

नाणे चिंचेने किंवा ब्रासोने घासू नका. मूळ झळाळी गेली की खरा दोषही ओळखणे कठीण होते आणि किंमतही पडते. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांना लाखो देऊ करणारा फोन आला तर ठेवून द्या. असा व्यवहार आपण करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे. आणि विकत घ्यायची वेळ आली, तर किंमत विचारण्याआधी हा दोष कोणत्या टप्प्यावर शिरला ते विक्रेत्याला विचारा. उत्तरात नुसतेच "रेअर आहे" आले, तर पाकीट खिशातच राहू द्या.