साक्यातले दोन प्रकारचे पाणी

विद्राव्य खताच्या पिशवीवर १९:१९:१९ असे जे तीन आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात, ते म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या शेकडा प्रमाणाविषयी उत्पादकाने दिलेली जाहीर हमीच होय. आणि १९८५ च्या खत नियंत्रण आदेशान्वये निरीक्षकास नमुना घेऊन तो प्रयोगशाळेकडे रवाना करण्याचा अधिकार असल्यामुळे या हमीची शहानिशा होऊ शकते. तिच्यातील मधल्या आकड्याचा पडताळा केवळ ताजव्याच्या साहाय्याने कसा घेता येतो, हे पाहण्याजोगे आहे.

खतातील स्फुरद सुटे नसते; ते फॉस्फेटच्या रूपाने इतर द्रव्यांत मिसळून गेलेले असते, म्हणून ते उचलून तोलता येत नाही. परंतु बारदानाचे वजन ठाऊक असले म्हणजे भरल्या पोत्यावरून धान्याचा हिशेब लागतो, तद्वत ज्याची घटना निश्चित ठाऊक आहे अशा एखाद्या अविद्राव्य संयुगात सारे स्फुरद बांधून काढले, तर त्या संयुगाच्या वजनावरून स्फुरदाचे वजन सांगता येते. यालाच भारात्मक पृथक्करण म्हणतात.

काटेकोर तोललेले ३ ग्रॅम खत पाण्यात विरघळवून, न विरघळलेला गाळ काढून टाकावयाचा, मग निवळ द्रावणात मॅग्नेशियम सल्फेटचे द्रावण मिसळून, सतत ढवळीत, अमोनियाचे पाणी हळूहळू घालावयाचे, की भांड्यात पांढरा स्फटिकमय साका धरू लागतो. येथे घाई उपयोगाची नाही. अमोनिया भसकन ओतल्यास स्फटिक इतके बारीक बनतात की ते गाळणकागदातून निसटण्याची भीती असते. हा साका म्हणजे मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट. त्याच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे सहा रेणू असतात आणि त्यात स्फुरदाचा अंश शेकडा १२.६२ असतो.

साका गाळून, थोड्या थंड पाण्याने व नंतर अल्कोहोलने धुऊन वाळविताना मात्र खरी कसोटी लागते. त्याच्या वजनापैकी सुमारे ४४ टक्के भाग स्फटिकातील पाण्याचाच असतो. हे पाणी हिशेबात धरलेले असल्याने ते राहिलेच पाहिजे, आणि धुताना अंगाला चिकटलेले पाणी गेलेच पाहिजे. भट्टीच्या धगीत वाळवावे तर पहिले उडून आकडा घटतो. ओलाच तोलावा तर दुसरे राहून आकडा फुगतो. म्हणून तो साध्या हवेत, लागोपाठची दोन वजने जुळेपर्यंत वाळवितात.

समजा, साका १.९७ ग्रॅम भरला. तर त्यात स्फुरद सुमारे ०.२४९ ग्रॅम, म्हणजे खताच्या वजनाच्या ८.३ टक्के. हे पाहून उत्पादकावर फिर्याद गुदरण्याचे कारण नाही, कारण पिशवीवरील आकडा शिरस्त्याप्रमाणे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाने छापलेला असतो, ८.३ ला २.२९ ने गुणिले की बरोबर १९ येतात. उलट, त्याच साक्यात केवळ ०.१ ग्रॅम ओल राहिली असती, तरी उत्तर जवळजवळ एका टक्क्याने चढले असते, आणि १८ टक्क्यांचे खत १९ चे म्हणून सुखरूप निसटले असते. याच कारणास्तव जुन्या शिरस्त्याचे रसायनज्ञ साका सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, दोन्ही पाणी व अमोनियाही घालवून, उरलेले मॅग्नेशियम पायरोफॉस्फेट तोलीत. त्यात स्फुरद शेकडा २७.८३ असते, आणि ओलीविषयी संशयाला जागाच उरत नाही.