एप्टेशियाशी तीस वर्षांची झुंज
खडकातल्या जिवाणूंवर भिस्त ठेवणारी बर्लिन पद्धत रुजली आणि घरगुती रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या मत्स्यालयात, लाइव्ह रॉक आला. समुद्रातला हा सच्छिद्र खडक पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू सोबत आणतो. त्याच्याच भेगांतून एप्टेशियाही आला. १९९० च्या दशकापासून रीफवाल्यांना या नकोशा समुद्री अॅनिमोनीइतकं क्वचितच कुणी छळलं असेल.

दिसायला नाजूक. अर्धपारदर्शक तपकिरी देठ, वर बारीक शुंडकांचा झुबका. पण शेजारच्या प्रवाळाला डंख मारून तो मागे रेटतो. बोट जवळ नेलं की क्षणात भेगेत आकसतो. ओरबाडला तर तळव्याचा कपटा दगडाला चिकटून राहतो आणि त्यातून नवा एप्टेशिया उभा राहतो. चिमटे घेऊन लढणाऱ्यांचे टँक म्हणूनच जास्त भरले.

मग सिरिंज आली. चुन्याची दाट पेस्ट, व्हिनेगर, लिंबाचा रस, उकळतं पाणी, पुढे बाटलीबंद औषधं. पंप बंद करायचा, सुई हळूच एप्टेशियाच्या तोंडाशी न्यायची आणि तो मिटायच्या आत औषध सोडायचं. समोरचे मरतात, खडकामागचे राहतात. एका वेळी जास्त चुना गेला तर पीएच झपकन चढतो. दोन-चार एप्टेशियांपुरता हा उपाय ठीक, त्यापुढे नाही.

पेपरमिंट कोळंबीनेही पुष्कळांना चकवलं. एकाच नावाखाली वेगवेगळ्या जाती विकल्या जात. त्यांतल्या काही एप्टेशिया खात, काही ढुंकूनही पाहत नसत. तिच्यासारखीच दिसणारी कॅमल कोळंबी तर प्रवाळच कुरतडते. कॉपरबँड बटरफ्लाय माशाचं जास्त वाईट वाटतं. तो एप्टेशिया खातो खरा, पण टँकमधलं दुसरं अन्न अनेकदा घेतच नाही आणि झुरून मरतो. केवळ साफसफाईसाठी त्याला आणणं मला पटत नाही.

खरा भरवशाचा उपाय म्हणजे बर्गिया, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची, शंख नसलेली समुद्री गोगलगाय. प्रयोगशाळेत तिची पैदास कशी करायची, हे १९९० मध्येच प्रसिद्ध झालं होतं. घरगुती टँकपर्यंत ती सर्रास पोहोचायला मात्र बराच काळ गेला. ती फक्त एप्टेशिया खाते. रात्री निघते, सिरिंज पोहोचत नाही अशा कपारींत शिरते, भक्ष्याच्या डंखपेशी न फोडता गिळते आणि पाठीवरच्या झिपऱ्यांत स्वतःच्या रक्षणासाठी साठवते. पांढऱ्या अंड्यांची वेटोळी दिसली की समजावं, जम बसला. तरी काही महिने धीर धरावा लागतो. रॅस मासे आणि पेपरमिंट कोळंबी तिलाच खातात, तेव्हा दोन्ही उपाय एकत्र करू नयेत. एप्टेशिया संपत आला की ती उपाशी मरते. त्याआधीच तिला दुसऱ्या गरजूच्या टँकमध्ये पोहोचवायला हवं.

एप्टेशियाच्या याच चिवटपणाचं शास्त्रज्ञांना मोल वाटलं. प्रवाळांप्रमाणे त्याच्याही पेशींत शैवाल राहतं आणि तो प्रयोगशाळेत सहज वाढतो. म्हणून प्रवाळांच्या विरंजनाचा, म्हणजे रंग उडण्याचा, अभ्यास त्याच्यावर होतो. २०१५ मध्ये त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला.

आता अनेकजण कोरड्या खडकावर टँक उभारतात, त्यामुळे शिरकावाची मुख्य वाट उरते ती फ्रॅगची, म्हणजे बाहेरून आणलेल्या प्रवाळाच्या तुकड्याची. प्रवाळ डिपमध्ये, म्हणजे कीड मारणाऱ्या द्रावणात, बुडवला तरी एप्टेशिया अनेकदा तगतो. म्हणून फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो तो प्लग भिंगाखाली सगळ्या बाजूंनी पाहावा. संशय आला तर प्रवाळ कापून नव्या प्लगवर चिकटवावा आणि जुना फेकून द्यावा.