२०२२ ए.एफ.सी. महिला आशिया चषक

२०२२ ए.एफ.सी. महिला आशिया चषक ही आशियाई देशांच्या राष्ट्रीय महिला फुटबॉल संघांमधील अजिंक्यपद स्पर्धेची विसावी आवृत्ती होती. आशियाई फुटबॉल महासंघाच्या वतीने ही स्पर्धा २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात भारतात झाली. तिचे सर्व सामने महाराष्ट्रात, म्हणजे नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथील तीन मैदानांवर खेळले गेले. अंतिम सामन्यात चीनने दक्षिण कोरियाचा ३–२ असा पराभव करून नवव्यांदा विजेतेपद मिळवले. यजमान भारताचा संघ मात्र एकच सामना खेळून स्पर्धेबाहेर गेला आणि त्या सामन्याचा निकालही पुढे रद्दबातल ठरला.

पार्श्वभूमी

महिलांची आशियाई स्पर्धा १९७५ साली हाँगकाँग येथे सुरू झाली. पहिले विजेतेपद न्यूझीलंडने मिळवले. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हे खटकेल, परंतु त्या काळी या स्पर्धेत ओशनियातील संघही खेळत असत. १९८६ ते १९९९ या काळात चीनने सलग सात वेळा चषक जिंकला. पुढे उत्तर कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि जपान हे प्रबळ झाले. २०१४ आणि २०१८ या लागोपाठच्या दोन स्पर्धा जिंकून जपान गतविजेता म्हणून महाराष्ट्रात आला होता.

भारतीय महिलांचा या स्पर्धेतील इतिहास आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही, पण तो नगण्य मुळीच नाही. कालिकत येथे झालेल्या स्पर्धेत आणि पुन्हा १९८३ साली बँकॉक येथे भारत उपविजेता ठरला. मधल्या १९८१ च्या हाँगकाँग स्पर्धेत त्याला तिसरे स्थान मिळाले. त्यानंतर मात्र घसरण झाली. २००३ नंतर भारताला या स्पर्धेच्या मुख्य फेरीत प्रवेशच मिळाला नाही. २०२२ मध्ये तो मिळाला तो यजमान या नात्याने, पात्रता फेरी न खेळता.

यजमानपद भारताकडे आल्याची घोषणा जून २०२० मध्ये झाली. आरंभीच्या योजनेत भुवनेश्वर आणि अहमदाबाद या शहरांचाही समावेश होता. कोविड-१९ च्या साथीमुळे संघांचा प्रवास शक्य तितका कमी ठेवणे भाग पडले आणि त्यासाठी सर्व सामने एकमेकांपासून जवळ असलेल्या मैदानांवर घेण्याचे ठरले. अशा रीतीने ही संपूर्ण स्पर्धा महाराष्ट्राच्या वाट्याला आली.

मैदाने

नवी मुंबईतील नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियम हे प्रमुख मैदान होते. अंतिम सामना तेथेच झाला. याच मैदानावर ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिलांनी येथेच क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. दुसरे मैदान अंधेरीच्या क्रीडासंकुलातील मुंबई फुटबॉल अरेना. तिसरे पुण्याजवळील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारण्यात आले होते.

स्वरूप

यापूर्वी मुख्य फेरीत आठ संघ असत. या वेळी प्रथमच ती संख्या बारा झाली. चार-चार संघांचे तीन गट करण्यात आले. अ गटात चीन, चिनी तैपेई (तैवान), भारत आणि इराण. ब गटात ऑस्ट्रेलिया, थायलंड, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया. क गटात जपान, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम आणि म्यानमार होते. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांपैकी सरस ठरणारे दोन असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते.

याच स्पर्धेतून २०२३ च्या महिला विश्वचषकासाठी आशियातील संघ निवडले जाणार होते. त्या विश्वचषकातील संघांची संख्या चोवीसवरून बत्तीस करण्यात आली होती, त्यामुळे आशियाच्या जागाही वाढल्या होत्या. ऑस्ट्रेलिया सहयजमान असल्याने त्याचा प्रवेश निश्चित होता. उरलेल्या पाच थेट जागांसाठी इतरांची चुरस होती. ज्या देशांच्या महिला कधीही विश्वचषक खेळल्या नव्हत्या त्यांच्यासाठी ही संधी मोठी होती. भारत अशा देशांपैकीच एक होता. गटात तिसरा क्रमांक मिळाला तरी उपांत्यपूर्व फेरीचे दार उघडे राहणार होते, आणि तेथून विश्वचषक एक-दोन विजयांच्या अंतरावर होता.

भारताचा सामना आणि माघार

थॉमस डेनरबी हे स्वीडिश प्रशिक्षक आणि आशालता देवी ही कर्णधार अशा नेतृत्वाखाली भारताने २० जानेवारीला इराणविरुद्ध पहिला सामना खेळला. इराण या स्पर्धेच्या मुख्य फेरीत प्रथमच उतरला होता. भारताने गोल करण्याच्या संधी निर्माण केल्या, पण चेंडू जाळ्यात गेला नाही आणि सामना ०–० असा बरोबरीत सुटला.

दुसरा सामना २३ जानेवारीला चिनी तैपेईविरुद्ध होता. त्या वेळी महाराष्ट्रात साथीची तिसरी लाट होती. सर्व संघांना 'बायो-बबल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जैवसुरक्षा कवचात ठेवले होते, म्हणजे निवास, सराव आणि सामना यांपलीकडे बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. तरीही विषाणू आत शिरला. जपानची नामवंत खेळाडू मना इवाबुची हिलाही आरंभी विलगीकरणात राहावे लागले. भारतीय संघात बाधितांची संख्या इतकी वाढली की सामन्याच्या दिवशी, आधीच दुखापतग्रस्त असलेल्या खेळाडू वगळता, तेरा खेळाडूही उपलब्ध होईनात.

साथीच्या काळासाठी महासंघाने केलेल्या विशेष नियमांनुसार सामना खेळण्यासाठी संघाकडे किमान १३ खेळाडू असणे आवश्यक होते. मैदानावर अकरा खेळाडू असतात. म्हणजे किमान दोन राखीव हव्यात, इतकाच त्याचा हिशेब. तेवीस जणींच्या पथकाला ही अट एरवी जाणवलीही नसती. ती पूर्ण न करणाऱ्या संघासाठी सामना पुढे ढकलण्याची सोय नव्हती. त्या संघाने स्पर्धेतून माघार घेतली असे मानले जाणार होते. त्याप्रमाणे भारताने माघार घेतल्याचे महासंघाने जाहीर केले. चीनविरुद्धचा तिसरा सामना अर्थातच झाला नाही. जैवसुरक्षा व्यवस्थेत त्रुटी राहिल्या अशी उघड नाराजी भारतीय गोटातून व्यक्त झाली. नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होता, हे खरे. तथापि यजमान संघ मैदानावर न हरता आपल्याच देशातील स्पर्धेतून बाद व्हावा, ही घटना या खेळात विरळाच म्हणावी लागेल.

माघारीचा परिणाम भारतापुरता राहिला नाही. माघार घेतलेल्या संघाचे सर्व सामने रद्दबातल ठरतात, म्हणून इराणविरुद्धची बरोबरीही गुणतक्त्यातून पुसली गेली. इराणने आपल्या पहिल्याच स्पर्धेत मिळवलेला तो एकमेव गुण होता. पुढे चीनकडून ०–७ आणि चिनी तैपेईकडून ०–५ असा पराभव झाल्याने इराण शून्य गुणांवर राहिला. अ गटात आता तीनच संघ उरल्यामुळे तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना करताना अन्य दोन गटांतील चौथ्या संघाविरुद्धचे निकालही वगळावे लागले. त्या तुलनेत थायलंड आणि व्हिएतनाम पुढे गेले व इराण मागे राहिला.

साखळी सामने

ब गटात ऑस्ट्रेलियाने अंधेरीच्या मैदानावर इंडोनेशियाचा १८–० असा धुव्वा उडवला. त्यात कर्णधार सॅम कर हिने पाच गोल केले आणि टिम केहिल याचा पन्नास गोलांचा विक्रम मागे टाकून पुरुष व महिला मिळून ऑस्ट्रेलियासाठी सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल करणारी खेळाडू होण्याचा मान मिळवला. या गटातील खरा उलटफेर मात्र फिलिपिन्सने केला. त्याने थायलंडला १–० असे हरवून दुसरे स्थान घेतले. क गटात जपान आणि दक्षिण कोरिया यांचा सामना १–१ असा बरोबरीत सुटला आणि दोघेही पुढे गेले.

बाद फेरी

उपांत्यपूर्व फेरीत विजेतेपदाच्या प्रबळ दावेदारांपैकी एक असलेला ऑस्ट्रेलिया बाद झाला. सामना संपण्यास काही मिनिटे उरली असता कोरियाच्या जी सो-युन हिने दुरून मारलेल्या फटक्याने कोरियाला १–० असा विजय मिळाला. जपानने साथीने ग्रासलेल्या थायलंडचा ७–० असा, तर चीनने व्हिएतनामचा ३–१ असा पराभव केला. फिलिपिन्स आणि चिनी तैपेई यांच्यातील सामना १–१ असा बरोबरीत राहिला व पेनल्टी शूटआउटवर गेला. फिलिपिन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने फटके अडवले, स्वतः एक गोलही केला, आणि सरिना बोल्डन हिच्या शेवटच्या फटक्यावर तिच्या देशाच्या महिलांचा विश्वचषकातील पहिला प्रवेश निश्चित झाला.

उपांत्य फेरीचे दोन्ही सामने ३ फेब्रुवारीला बालेवाडी येथे झाले. कोरियाने फिलिपिन्सला २–० असे हरवले. जपान आणि चीन यांचा सामना अधिक रंगला. जपानच्या रिको उएकी हिने दोनदा आघाडी मिळवून दिली व चीनने दोन्ही वेळा ती भरून काढली. दुसरी बरोबरी तर कर्णधार वांग शानशान हिने जादा वेळेच्या अगदी अखेरीस, ११९ व्या मिनिटाला साधली. शूटआउटमध्ये चीन ४–३ असा विजयी झाला.

बाद झालेल्या संघांपैकी ऑस्ट्रेलियाला जागेची गरज नव्हती. म्हणून विश्वचषकाच्या पाचव्या थेट जागेसाठी व्हिएतनाम, थायलंड आणि चिनी तैपेई यांच्यात नवी मुंबईत स्वतंत्र सामने झाले. व्हिएतनामने दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना हरवून ती जागा मिळवली. साखळीत एकही सामना न जिंकता हा संघ प्रथमच विश्वचषकास पात्र ठरला.

अंतिम सामना

६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत कोरियाचे वर्चस्व होते. २७ व्या मिनिटाला चोए यू-री हिने पहिला गोल केला आणि मध्यंतराच्या तोंडावर जी सो-युन हिने पेनल्टीवर दुसरा. कोरियाने हा चषक तोपर्यंत कधीही जिंकला नव्हता; दोन गोलांची आघाडी पाहता तो योग जुळून आल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या डावात चित्र पालटले. ६८ व्या मिनिटाला तांग जियाली हिने पेनल्टीवर गोल केला, चारच मिनिटांनी झांग लिनयान हिने हेडरने बरोबरी साधली, आणि नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर मिळालेल्या वाढीव वेळेत शियाओ युई हिने विजयी गोल केला. श्वे छिंगशिया या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या मार्गदर्शनाखाली चीनने २००६ नंतर प्रथमच हा चषक जिंकला.

वांग शानशान ही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. सर्वाधिक सात गोल सॅम कर हिचे होते. सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार चीनच्या झू यू हिला मिळाला.

पुढील घडामोडी

फिलिपिन्सने २०२३ च्या विश्वचषकात वेलिंग्टन येथे यजमान न्यूझीलंडला १–० असे हरवले. गोल बोल्डनचाच होता.

महाराष्ट्रात या स्पर्धेचा ठसा प्रामुख्याने मुंबई-पुणे पट्ट्यापुरता राहिला. जालना, परभणी यांसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत शालेय मुलींच्या परिचयाचे खेळ म्हणजे खो-खो, कबड्डी आणि व्हॉलीबॉल. फुटबॉल तेथे अजूनही मुलांचाच समजला जातो. साथीच्या निर्बंधांमुळे अशा भागांतील शाळकरी मुलींना ही स्पर्धा प्रत्यक्ष पाहण्याची संधीही मिळण्यासारखी नव्हती.

भारतीय संघाला पुढील संधीसाठी पात्रता फेरीची वाट धरावी लागली. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे भारताने यजमान थायलंडचा २–१ असा पराभव केला. दोन्ही गोल संगीता बासफोर हिने केले. या विजयाने भारत २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात होणाऱ्या आशिया चषकास पात्र ठरला. पात्रता फेरी जिंकून मुख्य फेरीत जाण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ होती.