नियम, नीती आणि खिलाडूवृत्ती

नियम पाळला म्हणजे खिलाडूवृत्ती जपली, असे नाही. आणि नियमाचा आधार घेणारा प्रत्येक खेळाडू तिला पारखा झाला, असेही नाही. क्रिकेटच्या इतिहासातील तीन प्रसंगांवरून हा भेद स्पष्ट होतो.

डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत विनू मांकड गोलंदाजी करीत असताना, चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच बिल ब्राउन क्रीझ सोडून पुढे सरकले. मांकडांनी त्यांना धावचीत केले. त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात मांकडांनी ब्राउन यांना प्रथम ताकीद दिली होती व नंतरच बाद केले होते. तरीही टीकेचा भडिमार झाला. प्रतिस्पर्धी कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मात्र मांकडांचीच बाजू उचलून धरली. चोरटी धाव घेऊ पाहणारा निर्दोष आणि त्याला रोखणारा दोषी, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. असे असूनही 'मांकडिंग' हा शब्द हेटाळणीच्या अर्थाने रूढ झाला. हा एका थोर खेळाडूचा अवमान आहे, असे सांगून सुनील गावसकर यांनी त्यास जाहीर विरोध केला. ऑक्टोबर २०२२ पासून हा प्रकार 'अनुचित खेळ' या कलमातून काढून 'धावचीत' या कलमात घालण्यात आला. न्याय मिळण्यास पाऊणशे वर्षे लागली!

दुसरा प्रसंग १ फेब्रुवारी १९८१ चा, मेलबर्न येथील. अखेरच्या चेंडूवर बरोबरीसाठी न्यूझीलंडला ६ धावा हव्या होत्या. ग्रेग चॅपेल यांनी आपले बंधू ट्रेव्हर यांना चेंडू जमिनीलगत घरंगळत टाकावयास सांगितले. तत्कालीन नियमांत ते बसत होते. परंतु त्यामुळे फलंदाजाची खेळण्याची संधीच हिरावली गेली. मांकडांनी गैरफायदा रोखला, चॅपेल यांनी खेळच रोखला. दोन्ही कृती नियमानुसार, पण त्यांचे नैतिक मोल भिन्न आहे.

तिसरा प्रसंग फेब्रुवारी १९८० मधील मुंबईच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीचा. इंग्लंडचा डाव कोसळत असताना बॉब टेलर यांना पंचांनी झेलबाद ठरविले. चेंडू बॅटला लागलेला नाही, याची खात्री असलेल्या कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्यांना परत बोलाविले. टेलर व इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत १० गडी राखून पराभूत झाला.

विश्वनाथांनी आपल्या पदरात पडलेला लाभ स्वेच्छेने सोडला. असा त्याग स्वतःकडून अपेक्षावा, दुसऱ्याकडे त्याची मागणी करू नये. मांकडांकडे तशी मागणी झाली, म्हणूनच त्यांच्यावर अन्याय झाला. नियमांचे रक्षण पंच करतील. नीतीचे रक्षण मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते.