सोनागाछीचा प्रयोग

कोलकात्याच्या पूर्वेस खाऱ्या दलदलीत हुगळीचा गाळ भरून जी नवी वसाहत उभारण्यात आली, ती सॉल्ट लेक या नावाने ओळखली जाते. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ तिला बिधाननगर हे अधिकृत नाव मिळाले. आखीव रस्त्यांच्या या मध्यमवर्गीय नगरातील भव्य क्रीडांगणावर ३ मार्च २००१ रोजी एक मेळा भरला. त्यास पंचवीस हजारांवर लोक आले, आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रिया देहविक्रयावर निर्वाह करणाऱ्या होत्या. मेळ्याची परवानगी रद्द व्हावी म्हणून पुष्कळ दबाव आणण्यात आला होता. तरीही तो पार पडला. ३ मार्च हा दिवस पुढे अनेक देशांत या स्त्रियांचा हक्कदिन म्हणून पाळला जाऊ लागला.

रोगप्रतिबंधाच्या विवेचनात मेळ्याचे काय प्रयोजन, अशी शंका वाचकास येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

एच.आय.व्ही. या विषाणूपासून बचाव करण्याचे उपाय सांगावयास सोपे आहेत. संबंधाच्या वेळी निरोध वापरावा, गुप्तरोगांवर वेळीच उपचार करून घ्यावेत, रक्ताची तपासणी करावी. परंतु या प्रत्येक उपदेशात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा आहे. ज्या व्यक्तीच्या देहावर कर्ज देणाऱ्याचा, घरमालकिणीचा, दलालाचा आणि पोलिसाचा अधिकार तिच्या स्वतःच्या अधिकाराहून मोठा आहे, तिला हा उपदेश काय उपयोगाचा?

उत्तर कोलकात्यातील सोनागाछी ही देशातील सर्वांत मोठ्या वेश्यावस्तींपैकी एक होय. तेथील स्त्रियांत पूर्वापार तीन वर्ग मानले जात. ‘छुकरी’ म्हणजे विकत आणलेली, जिची सारी कमाई ऋणफेडीच्या नावाखाली मालकीण घेई. ‘आधिया’ म्हणजे जिला निम्मा वाटा मिळे. आणि तिसरी स्वतंत्र, जी खोलीचे भाडे भरून राहात असे. निरोधाचा आग्रह धरणे या तिघींना सारखे शक्य नव्हते, हे उघड आहे. छुकरीच्या बाबतीत तर तो निर्णय तिचा नव्हताच.

१९९२ साली अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेचे डॉ. स्मरजित जाना यांनी येथे काम आरंभिले. त्या वेळी निरोधाचा नियमित वापर जेमतेम तीन टक्के होता. वस्तीतल्याच काही स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत घरोघरी माहिती पोहोचविणे, ही त्यांच्या योजनेची पहिली पायरी होती. हिरवा कोट घालून दारोदार जाणाऱ्या या कार्यकर्त्या वस्तीला परक्या नव्हत्या. डॉक्टरसमोर न निघणारे शब्द त्यांच्यापाशी निघत.

तथापि, माहिती मिळाल्यावरही अडचण उरलीच. एका स्त्रीने निरोधाचा आग्रह धरला की गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाई. तिची त्या दिवसाची कमाई बुडे, मालकिणीची बोलणी बसत, आणि शेजारणीलाही धोका पत्करावा लागे तो लागेच. थोडक्यात, एकटीचा नकार तिलाच महाग पडे. सगळ्या गल्लीने एकच अट घातली तर मात्र गिऱ्हाइकाला दुसरे दार उरत नाही. म्हणून एकेका स्त्रीचे मन वळविण्यापेक्षा साऱ्या वस्तीचा रिवाज बदलणे अधिक महत्त्वाचे ठरले. आणि त्यासाठी मालकिणी, दलाल व पोलीस यांच्याशीही बोलणी करावी लागली. रोगी स्त्री कमावू शकत नाही, हा युक्तिवाद मालकिणींना नीतीच्या प्रवचनापेक्षा लवकर पटला, यात आश्चर्य नाही.

मग प्रश्न आला पैशाचा. सावकाराचे व्याज थकले असेल तर जास्त पैसे देऊन निरोध नाकारणारा माणूस परतवणे कठीण जाते. १९९५ मध्ये ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ ही या स्त्रियांची संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी ‘उषा’ ही त्यांची सहकारी पतसंस्था नोंदली गेली. नोंदणीच्या अर्जात व्यवसाय ‘गृहिणी’ असा लिहावा, ही सूचना त्यांनी नाकारली. आपल्या खऱ्या व्यवसायाच्या नावाने त्यांनी बचतीची पुस्तके उघडली. १९९९ साली आरोग्यप्रकल्पाचे व्यवस्थापनही दुर्बारकडे आले.

दशक संपता-संपता निरोधाचा वापर ऐंशी टक्क्यांच्या वर गेल्याचे पाहणीत आढळले. असे आकडे स्त्रियांच्या सांगण्यावरून घेतलेले असतात, म्हणून ते थोडे हात राखूनच वाचावेत. परंतु त्याच दशकात मुंबईच्या वेश्यावस्तीत निम्म्याहून अधिक स्त्रियांना या विषाणूची लागण झालेली दिसली, तर सोनागाछीतील प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास राहिले.

महाराष्ट्रातही हाच विचार वेगळ्या वाटेने रुजला. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ साली काम सुरू केले, आणि त्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. तिथल्या स्त्रिया स्वतःस धंदा करणाऱ्या बायका म्हणवितात. शिष्ट मराठीतील पर्यायी शब्दांचे त्यांना अप्रूप नाही.

या प्रयोगाच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. नेहमीच्या ‘बाबू’शी, म्हणजे प्रियकराशी, निरोध वापरणे अनेकींना अविश्वासाचे लक्षण वाटे, गल्लीचा रिवाज त्या दाराच्या आत पोहोचत नसे. अल्पवयीन मुली आणि जबरदस्तीने आणलेल्या स्त्रिया यांच्या बाबतीत तर निरोध हे उत्तरच नव्हे. त्यांना शोधून सोडविण्यासाठी दुर्बारने १९९७ पासून स्वनियामक मंडळे नेमली. हे काम पोलिसांचे आहे, असा आक्षेप घेतला गेला. तो चुकीचा नाही. पण रात्री नव्याने आलेली मुलगी कोणत्या खोलीत आहे, हे पोलिसांच्या आधी शेजारणीला कळते.

डॉ. जाना यांचे २०२१ मध्ये निधन झाले. पुढल्याच वर्षी, १९ मे २०२२ रोजी, कोलकात्यातील एका स्त्रीच्या खुनातून उद्भवलेल्या जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांना सन्मानाने वागविण्याविषयी निर्देश दिले. पत्त्याचा पुरावा नसला तरी त्यांना आधारपत्र मिळावे आणि त्यावर व्यवसायाची कोणतीही खूण नसावी, असे त्यात म्हटले होते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा राजपत्रित अधिकारी किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेचा प्रकल्प संचालक देऊ शकतो. पश्चिम बंगालमध्ये त्या राज्य संस्थेचे कार्यालय सॉल्ट लेकमधील स्वास्थ्य भवनात आहे.