डोळ्यांना दिसते, शोधयंत्राला नाही

मराठी संकेतस्थळे शोधात का सापडत नाहीत, हे तपासताना मी बराच काळ एकाच नावापाशी अडलो होतो. बोरिवली की बोरीवली? वाचणारा दोन्ही चालवून घेतो. अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या साध्या शोधपेटीला मात्र ती दोन गावे वाटतात. म्हणून उपनगरातल्या संस्थेने पानावर दोन्ही रूपे कुठेतरी द्यावीत. शुद्धलेखनवाल्यांनी रागावू नये.

खरी मेख फाँटची. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. छपाईपुरते ते चोख. पण तोच मजकूर संकेतस्थळावर चढवला, की यंत्राच्या हाती रोमन अक्षरांची खिचडी येते. स्कॅन केलेले पान तर त्याच्या लेखी नुसते चित्र. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तिथेही ‘कऱ्हाड’मधला अर्धा र दोन प्रकारे नोंदवता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच!

तेव्हा आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा, मग प्रत्येक पानाला ‘मुख्यपृष्ठ’ऐवजी लेखाचे नाव आणि लेखकाचे नाव द्यावे. प्रत्येक जुन्या फाँटची मांडणी निराळी असल्याने रूपांतराचे तक्तेही निराळे लागतात, आणि जोडाक्षरे त्यात हटकून बिघडतात. तिथे मुद्रितशोधकच बसवावा लागतो.