विश्लेषण : फासे दिसले की जुगार, राक्षस दिसला की व्यसन? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांविषयी एवढे गैरसमज का?

पुण्यातील कॅफे, वसतिगृहाच्या खोल्या आणि आयटीतील तरुणांचे भाड्याचे फ्लॅट अशा ठिकाणी एक वेगळाच खेळ खेळला जातो. पट असलाच तर नावापुरता, मोबाइल बाजूला आणि पाच-सहा जण तीन-चार तास नुसते बोलत बसलेले. मध्येच कुणीतरी फासा टाकतो आणि सगळे एकदम ओरडतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) हे या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध नाव. खेळणाऱ्यांसाठी ही मिळून रचलेली गोष्ट असते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र कधी तो जुगार वाटतो, कधी व्यसन, तर कधी ‘रिकामटेकड्यांचा उद्योग’. हा संशय आला कुठून, त्यात तथ्य किती आणि पालकांनी खरे लक्ष कशाकडे द्यावे, याचा हा आढावा.

हा खेळ नेमका असतो तरी काय?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये हा खेळ बाजारात आणला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. खेळाडूंपैकी एक जण ‘डंजन मास्टर’ होतो. आपल्याकडच्या नाटकाच्या भाषेत सांगायचे तर सूत्रधार. तो प्रसंग उभा करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. त्या पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे गुण एका कागदावर आकड्यांत लिहिलेले असतात.

समजा, सूत्रधार म्हणाला : ‘मध्यरात्र आहे. तुम्ही राजगडाच्या चोरदरवाज्याखाली आहात. वर पहारेकरी जागा आहे.’ एक खेळाडू म्हणतो, ‘मी आवाज न करता वर चढतो.’ चढता येईल का, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधाराने १५ चे लक्ष्य दिले आणि पात्राच्या चपळाईचे ३ गुण मिळाले, तर फाशावर किमान १२ पडायला हवेत. म्हणजे वीसपैकी नऊ शक्यता, ४५ टक्के. जमले तर गोष्ट एका वाटेने जाते, फसले तर दुसऱ्या. यात एकमेकांना हरवायचे नसते. सगळे एकाच बाजूने असतात आणि एकच गोष्ट कधी कधी वर्षभर चालते.

फासे आहेत, मग हा जुगार नाही का?

पुण्या-मुंबईतला पहिला गैरसमज हाच. ‘फासे’ म्हटले की मराठी मनाला शकुनी आणि द्यूतसभा आठवते. त्यात वर्तमानपत्रांत ‘जुगार अड्ड्यावर छापा’ या बातम्या रोजच्याच. पण जुगाराला पणाला लावलेले काहीतरी लागते. या खेळात पैसे लावले जात नाहीत, कुणाला बक्षीस मिळत नाही, कुणी कर्जबाजारी होत नाही. ‘महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७’चा रोख पैसे किंवा पैशांच्या मोलाची वस्तू लावून खेळण्यावर आहे. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेला ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदाही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. समोरासमोर बसून, पैसे न लावता खेळलेल्या ‘डी अँड डी’चा या दोन्हींशी संबंध येत नाही.

खरे तर फासे आपल्याला नवे नाहीत. सारीपाट आणि सोंगट्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत्या. सापशिडीचा पूर्वज मानला जाणारा मोक्षपट संत ज्ञानेश्वरांनी तयार केला, असे परंपरा सांगते. त्या पटावर शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असतात. फासा टाकत नीतीची गोष्ट सांगण्याची कल्पना परदेशातून आलेली नाही.

‘सैतानी खेळ’ हा शिक्का कुठे बसला?

हा शिक्का अमेरिकेतला. ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला १६ वर्षांचा जेम्स डॅलस एग्बर्ट हा विद्यार्थी बेपत्ता झाला. तो अत्यंत हुशार होता आणि वयाच्या मानाने फार लवकर विद्यापीठात पोहोचला होता. तो ‘डी अँड डी’ खेळतो हे कळल्यावर, खेळाच्या नादात विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत तो हरवला असावा, असा तर्क कुटुंबाने नेमलेले खासगी गुप्तहेर विल्यम डिअर यांनी मांडला. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. सुमारे महिनाभराने मुलगा दुसऱ्या राज्यात सापडला. १९८० मध्ये त्याने आयुष्य संपवले. बेपत्ता होण्यामागे खेळ नव्हता, तर एकटेपणा, नैराश्य आणि अभ्यासाचा ताण होता, हे डिअर यांनीच १९८४ मधील आपल्या पुस्तकात सांगितले.

तोवर उशीर झाला होता. या घटनेवरून सुचलेली रोना जेफ यांची ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ ही कादंबरी १९८१ मध्ये आली होती आणि पुढच्याच वर्षी तिच्यावरचा टीव्ही चित्रपट झळकला होता. खेळता खेळता भान हरपणारा तरुण त्यात टॉम हँक्स यांनी रंगवला होता. दरम्यान, मुलाच्या आत्महत्येनंतर पॅट्रिशिया पुलिंग या आईने खेळाला दोषी धरले आणि १९८३ मध्ये त्याविरुद्ध संघटना काढली. १९८५ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या गाजलेल्या वृत्तकार्यक्रमाने हा विषय घेतला आणि ‘सैतानी खेळ’ हा शब्द घराघरांत पोहोचला.

भीती इतकी पसरली की १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दच वगळून राक्षसांना नवी नावे दिली. २०१० मध्येही अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने विस्कॉन्सिनमधील तुरुंगातली या खेळावरची बंदी कायम ठेवली. सूत्रधाराच्या हुकमाची सवय लागून कैद्यांच्या टोळ्या बनतील, असा तुरुंग प्रशासनाचा युक्तिवाद होता.

संशोधन काय सांगते?

१९८७ मध्ये आर्मांडो सिमोन यांनी खेळाडूंची भावनिक स्थिरता तपासली. जास्त वर्षे खेळणाऱ्यांचे मन अधिक अस्थिर झाल्याचे त्यांना आढळले नाही. १९९१ च्या एका अभ्यासात खेळाडूंनी स्वतः सांगितलेले गुन्हेगारी वर्तन न खेळणाऱ्यांपेक्षा जास्त नव्हते. १९९० मध्ये लेखक मायकेल स्टॅकपोल यांनी पुलिंग यांच्या दाव्यांची एकेक करून छाननी केली आणि त्यांतील आकडेमोड व पुरावे किती तकलादू आहेत, हे दाखवले.

हे अभ्यास छोट्या गटांवरचे होते. त्यामुळे ‘हा खेळ सगळ्यांना फायद्याचाच’ असे त्यातून सिद्ध होत नाही. पण खेळामुळे मुले हिंसक किंवा आत्मघातकी होतात, या आरोपाला त्यांत आधार मिळाला नाही. आज ‘गेम टू ग्रो’सारख्या अमेरिकी संस्था हाच खेळ मुलांना संवाद आणि मैत्री शिकवण्यासाठी वापरतात. ज्या खेळाला एकेकाळी सैतानी म्हटले, त्याच्या पन्नाशीनिमित्त २०२४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने तिकिटे काढली.

पुण्यात शिक्का वेगळा कसा?

सैतानाची धास्ती मराठी घरांत फारशी नाही. राक्षस, यक्ष, वेताळ आपल्या गोष्टींत पहिल्यापासून आहेत. इथे टोमणे वेगळे असतात : ‘तिशीला आलास, अजून खेळतोयस?’, ‘एवढ्या वेळात एखादा कोर्स केला असता’, ‘स्थळ बघायला आले तर छंद म्हणून हे सांगणार का?’ मुलगी रात्री दहापर्यंत मुलांच्या गटात खेळत असेल, तर प्रश्न आणखी वाढतात. मग अनेक जण घरी ‘मित्रांकडे चाललोय’ एवढेच सांगून मोकळे होतात. लपवले की संशय वाढतो आणि संशय वाढला की अधिक लपवले जाते.

दुसरी अडचण शब्दाची. घरच्यांसाठी ‘गेम’ म्हणजे मोबाइल, रमी किंवा सट्टा. तासन्‌तास स्क्रीनकडे पाहणे आणि पाच माणसांच्या डोळ्यांत पाहून बोलणे, दोन्हींना एकच शब्द वापरला जातो.

वास्तविक पुणेकरांना या खेळाचा आत्मा परका नाही. दिवाळीत सोसायटीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला उभा राहतो, कुंभारवाड्यातून मावळे येतात, कुणाला कुठल्या बुरुजावर ठेवायचे यावरून वाद होतात आणि मुलांइतकेच बाबाही त्यात रंगतात. त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारी नाटकात लिखित संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरलेला असतो आणि संवाद कलाकार रंगमंचावर ऐनवेळी रचतात. संकासुराचे सोंग घेणारा सकाळी आपल्या शेतावर जातो. तो असुर झाला, असे गावाला वाटत नाही. ‘डी अँड डी’मध्येही हेच घडते. फरक इतकाच की प्रेक्षक नसतात आणि पुढे काय होईल, यात फाशाचाही वाटा असतो.

भारतात अशी ‘गेमची भीती’ आधी दिसली आहे का?

२०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ची दहशत देशभर पसरली. मुंबईतल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर बातम्यांचा पूर आला, शाळांनी सूचना काढल्या आणि त्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुगल, फेसबुक, व्हॉट्सॲप आदी कंपन्यांना या खेळाच्या लिंक काढून टाकायला सांगितले. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनेच लोकसभेत स्पष्ट केले की, तपासलेल्या मृत्यूंपैकी एकाही मृत्यूमागे हा खेळ असल्याचा पुरावा मिळाला नाही. पहिल्या बातमीइतकी जागा या उत्तराला मिळाली नाही.

मार्च २०१९ मध्ये राजकोटमध्ये ‘पब्जी’ खेळल्याबद्दल तरुणांना अटक झाली. सप्टेंबर २०२० मध्ये देशभर ‘पब्जी मोबाइल’ बंद झाला, पण त्याचे अधिकृत कारण व्यसन नसून देशाची सुरक्षा आणि वापरकर्त्यांची माहिती हे होते. दोन्ही गोष्टी लोकांच्या डोक्यात एकत्र झाल्या आणि ‘गेम म्हणजे धोका’ हे समीकरण पक्के झाले.

मग चिंता करण्यासारखे काहीच नाही?

आहे. एक डाव चार-पाच तास चालतो. परीक्षा किंवा सोमवारची शिफ्ट तोंडावर असताना रात्र जागवली, तर नुकसान होणारच. छापील पुस्तके आणि छोट्या मूर्ती महाग आहेत. सुरुवातीला मात्र खर्चाची गरज नाही, कारण मूलभूत नियम इंटरनेटवर मोफत मिळतात. सगळ्या गोष्टी सगळ्या वयांना योग्य नसतात. अनोळखी गटात मुलींना त्रास देणारे, नवख्यांना हिणवणारेही भेटतात.

या क्षेत्राने त्यावर काही उपाय शोधले आहेत. चांगले गट खेळ सुरू करण्याआधी एक बैठक घेतात आणि गोष्टीत काय चालेल, काय अजिबात नको, हे ठरवतात. टेबलावर ‘एक्स कार्ड’ ठेवले जाते. एखादा प्रसंग कुणाला नकोसा झाला की कार्डाला हात लावायचा, कारण न विचारता प्रसंग थांबतो. खुद्द खेळावरही टीका झाली आहे. काही काल्पनिक जमाती जन्मतःच दुष्ट दाखवल्या जात, त्यात वंशवादाची छाया असल्याचा आक्षेप होता. २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ या शब्दाऐवजी ‘स्पीशीज’ आला. २०२२ च्या एका अधिकृत पुस्तकात भारतीय लेखिका मिमी मंडल यांनी बंगालच्या वातावरणावरून सुचलेली साहसकथाही लिहिली आहे.

पालकांनी काय पाहावे?

एग्बर्ट प्रकरणात महिनाभर सगळे बोगद्यांविषयी बोलत राहिले. मुलगा किती एकटा आहे, हा प्रश्न मागे पडला. ‘ब्लू व्हेल’च्या वेळी आपल्याकडे तेच झाले. शिकायला म्हणून राज्यभरातून मुले येणाऱ्या पुण्यासारख्या शहराने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. खेळ बंद केला की प्रश्न सुटला असे वाटते आणि त्रास मात्र तसाच राहतो. उलट दर आठवड्याला भेटणारी चार माणसेही तुटतात.

त्यामुळे ‘हा गेम खेळतो का?’ यापेक्षा पुढचे प्रश्न कामाचे आहेत. झोप आणि जेवण नीट आहे का? मित्र भेटतात का, की भेटणे बंद झाले? आवडत्या गोष्टींतला रस अचानक गेला का? सतत निराशेचे बोलणे होते का? यांपैकी काही दिसत असेल, तर मूल कोणता खेळ खेळते याने फरक पडत नाही. बोलणे आणि तज्ज्ञांची मदत घेणे गरजेचे आहे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

आणि यांपैकी काहीच दिसत नसेल, तर एक सोपा उपाय आहे. पुढचा डाव घरी ठेवायला सांगा, चहा-पोहे करा आणि अर्धा तास शेजारी बसा. मुलाने कोणते पात्र घेतले आहे, हे विचारा. उत्तर बहुधा लांबलचक येईल.